प्राचीन लोखंडभट्ट्यांचा शोध कसा घेतात? विदर्भाच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर परिसरातल्या शिलावर्तुळांखालून, म्हणजे मोठ्या दगडांच्या कड्यांनी वेढलेल्या प्राचीन थडग्यांतून, निघालेल्या लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्याचे लगाम संग्रहालयात पाहायला मिळतात. पण हे लोखंड कुणी, कुठे आणि किती बनवलं याचं उत्तर त्या वस्तूंपेक्षा गावाकडेला पडून राहिलेल्या काळ्या किटात, म्हणजे लोखंड गाळताना आणि घडवताना उरणाऱ्या मळीत, जास्त सापडतं. शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी आणि हौशी अभ्यासक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

या विषयात विदर्भाला एवढं महत्त्व का?

कारण इथे वस्तू, वस्ती, भट्टी आणि खनिज या चारही गोष्टी एकाच टापूत मिळतात. जुनापाणीची शिलावर्तुळं ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कारनॅक यांनी 1879 मध्येच प्रकाशात आणली. पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड, भागीमोहारी अशा ठिकाणी शास्त्रशुद्ध उत्खननं झाली. यातलं पेंच नदीकाठचं नायकुंड वेगळं ठरतं. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या 1978 ते 1980 च्या उत्खननात तिथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले: मातीच्या वक्र विटा, भात्याच्या नळ्यांचे तुकडे आणि कीट. भट्टी अगदी लहान, सुमारे 30 सेंमी व्यासाची. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी तिथल्या किटाचं रासायनिक पृथक्करण करून ही पद्धत कितपत कार्यक्षम होती हे तपासलं. थडग्यातली कुऱ्हाड दुरून, व्यापारातूनही आलेली असू शकते. भट्टी मात्र जागेवरच असते, म्हणून स्थानिक उत्पादनाचा तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

या भट्टीत लोखंड वितळायचं का?

नाही. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळतं. कोळसा आणि हातभात्यावर चालणाऱ्या भट्टीत तापमान साधारण 1100 ते 1300 अंश असतं. कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि घन अवस्थेतच लोखंडाचे कण सुटे होतात. खनिजातली वाळू काही आयर्न ऑक्साइडशी संयोग पावून फायलाइट नावाचं सिलिकेट बनतं. ते सुमारे 1200 अंशांना वितळून खाली ओघळतं. हेच कीट. मागे राहतो तो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. तो तापवून घणाखाली कुटला, आतलं कीट पिळून काढलं की कामाचं लोखंड मिळतं.

थोडक्यात, या पद्धतीत कीट वाहतं राहावं म्हणून खनिजातलं बरंच लोखंड खर्ची घालावंच लागतं. किटात आयर्न ऑक्साइडचं प्रमाण सहसा 50 ते 70 टक्के असतं. हे पाहून ‘त्या लोकांना नीट गाळता येत नव्हतं’ असा शेरा मारला जातो, तो चुकीचा आहे. चुन्याची भर न घालता, कमी तापमानात कीट वाहतं ठेवायचा हाच मार्ग होता.

शेतात काळा, जड खडा सापडला. कीट आहे हे कसं ओळखू?

आधी हातात तोलून पाहा. लोखंडाचं कीट बहुधा बसाल्टपेक्षा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळापेक्षा, जड लागतं. दाट किटाची घनता घनसेंमीला 3.5 ते 4 ग्रॅमच्या आसपास असते, बसाल्टची 3 च्या जवळ. कीट फार सच्छिद्र असेल तर मात्र हा अंदाज फसतो. मग पृष्ठभाग पाहा: गुळाचा पाक ओघळून थिजावा तशा वळ्या, हवेच्या बुडबुड्यांची भोकं आणि कोळशाच्या तुकड्यांचे ठसे दिसले तर शंका फारशी उरत नाही. ताज्या तुटीवर रंग करडा-काळा, धातूसारखी मंद चमक.

सर्वाधिक गोंधळ पुढच्या तीन गोष्टींमुळे होतो. वीटभट्टी किंवा जुन्या रेल्वे इंजिनातली दगडी कोळशाची खंगर: ही हलकी आणि ठिसूळ असते, आत न जळलेला कोळसा दिसतो. जांभ्यातले लोहयुक्त खडे: यांना खरखरीत चिनीमातीवर घासलं की तांबूस किंवा पिवळट रेघ उमटते. आणि भट्टीच्या भिंतीची काचेसारखी झालेली माती: एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला लाल भाजलेली माती. ही तिसरी टाकून देऊ नका. किटाइतकीच ती मोलाची आहे.

चुंबकावर मात्र भरवसा ठेवू नका. शुद्ध फायलाइटचं कीट चुंबकाला जेमतेम दाद देतं, आणि दख्खनच्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्याने साधा काळा दगडही जोरदार चुंबकाला चिकटतो.

कीट सापडलं म्हणजे तिथे भट्टी होतीच ना?

तसं म्हणता येत नाही, आणि सर्वाधिक घाईचे निष्कर्ष इथेच निघतात. कीट दोन कामांतून निघतं: खनिज गाळताना आणि लोहाराच्या भट्टीत लोखंड घडवताना. गाळण्याचं कीट प्रमाणाने मोठं, वाहत्या वळ्यांचं किंवा भट्टीच्या तळाशी साचलेल्या मोठ्या ढेपांचं असतं. लोहाराच्या शेगडीतलं कीट तळहाताएवढ्या ढेपांत मिळतं, खाली फुगीर आणि वर सपाट किंवा किंचित खोलगट. गावोगावी लोहार असत, म्हणून दुसऱ्या प्रकारचे पाच-दहा तुकडे जवळपास कुठल्याही जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मिळू शकतात. तेवढ्यावरून तिथे लोखंड गाळलं जात होतं असं लिहू नये.

गाळण्याचा दावा करायचा तर किमान तीन गोष्टी एकत्र हव्यात: भरपूर कीट, भट्टीची भाजलेली माती किंवा नळ्या, आणि भाजलेल्या खनिजाचे तुकडे. यातलं खनिज अनेकदा नजरेतून सुटतं, कारण उत्खननात लाल दगड म्हणून ते बाजूला टाकलं जातं.

खोदण्याआधी जमिनीखालची भट्टी कळते का?

बऱ्याचदा कळते. भाजलेली माती थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवते, त्यामुळे मॅग्नेटोमीटर या चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रावर भट्टी ठळक उठून दिसते. 20 बाय 20 मीटरचे चौकोन आखून, 1 मीटर किंवा शक्य असल्यास अर्ध्या मीटरच्या ओळींनी चालत, ओळीवर दर 25 सेंमीला वाचन घेतात. 30 सेंमीची भट्टी 1 मीटरच्या ओळींमध्ये हरवू शकते, म्हणून किटाचे तुकडे दाट आहेत तिथे ओळी जवळ घ्याव्यात.

महाराष्ट्रात अडचण आहे ती खडकाची. बसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने त्यावरच्या पातळ मातीत यंत्र नुसता गोंगाट दाखवतं. नागपूर-भंडाऱ्याकडे ग्रॅनाइट-नाइसचा किंवा नदीच्या गाळाचा भाग असेल तर निकाल पुष्कळ स्वच्छ येतात. शिवाय तारेचं कुंपण, विजेचा खांब, बोअरचा केसिंग पाइप आणि यंत्र चालवणाऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल या गोष्टीही दिवसभराचं काम वाया घालवतात.

उत्खननात कुठल्या गोष्टी हटकून निसटतात?

घणाखाली उडणारे पापुद्रे आणि बारीक गोळ्या. तापलेल्या लोखंडावर घाव बसला की त्यावरचं ऑक्साइड पापुद्र्यांनी उडतं. हे पापुद्रे 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. गोळा प्रथमच कुटताना वितळलेलं कीट फवाऱ्यासारखं उडून इवल्या पोकळ गोळ्या होतात. नेहमीच्या चाळणीतून हे सगळं मातीबरोबर निघून जातं. पण ऐरण नेमकी कुठे होती, लोहार कुठल्या बाजूला बसत होता, हे याच कणांवरून कळतं. कारण मोठी ढेप उचलून बाहेर फेकली जाते, हे कण पडले तिथेच पायाखाली तुडवले जातात.

म्हणून जमिनीच्या थरावर 50 सेंमीची, शक्य असल्यास 25 सेंमीची जाळी आखा. प्रत्येक चौकोनातून अर्धा ते एक लिटर माती घ्या, वाळवा, वजन करा, 1 मिमीच्या चाळणीच्या दोन्ही बाजूंचा माल ठेवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने कण वेगळे करा. पिशवी उलटी केली की कण सुटतात, चुंबकाला चिकटून बसत नाहीत. विदर्भात आणि पश्चिम महाराष्ट्रात यापुढची पायरी टाळता येत नाही: बसाल्टचे कणही चुंबकाला लागतात, म्हणून दहापट भिंगाखाली शंभर-दोनशे कण मोजून त्यात खरे पापुद्रे किती ते काढा. फक्त चुंबकाने निघालेल्या मालाचं वजन नकाशावर मांडलं तर तो कार्यशाळेचा नव्हे, काळ्या वाळूचा नकाशा होईल.

किटाच्या ढिगावरून किती लोखंड निघालं हे खरंच सांगता येतं?

येतं, पण एक आकडा नव्हे, एक पल्ला. हिशोबाचं तत्त्व सोपं आहे. वाळूतली सिलिका भट्टीत लोखंडात जात नाही, ती जवळजवळ सगळी किटात उतरते. तेव्हा सिलिकेच्या मापाने कीट मोजायचं.

समजा 100 किलो भाजलेल्या खनिजात 85 टक्के फेरिक ऑक्साइड, म्हणजे 59.4 किलो लोखंड, आणि 12 टक्के सिलिका आहे. भट्टीची माती वितळून आणखी 3 किलो सिलिका मिळाली. किटात सिलिका 25 टक्के आणि फेरस ऑक्साइड 62 टक्के आढळलं. मग 15 किलो सिलिका म्हणजे 60 किलो कीट, त्यात 37.2 किलो फेरस ऑक्साइड, म्हणजे 28.9 किलो लोखंड अडकलं. हाती आलं ते सुमारे 30.5 किलो.

आता भट्टीच्या मातीचा वाटा विसरलो तर? कीट 48 किलो निघेल आणि लोखंडाचा आकडा 36 किलोवर जाईल, जवळजवळ 20 टक्क्यांनी फुगलेला. आणि खनिज निकृष्ट असेल, 75 टक्के ऑक्साइड आणि 20 टक्के सिलिकेचं, तर? मातीचे तेच 3 किलो धरले तर कीट 92 किलो, त्यात 44.3 किलो लोखंड जातं आणि हाती जेमतेम 8 किलो उरतं. या पद्धतीला समृद्ध खनिजच का लागतं, ते या एका हिशोबातून समजतं. कुटताना होणारी घट वेगळी. गोळ्यापासून सळई होईपर्यंत तिसरा हिस्सा किंवा निम्मं वजनही जाऊ शकतं.

प्रत्यक्ष ढिगावर 1 बाय 1 मीटरचा चाचणी खड्डा तळापर्यंत घ्या. कीट, भट्टीची माती, खनिज आणि कोळसा वेगवेगळे तोला, मग ढिगाच्या घनफळाने गुणा. एक खड्डा पुरत नाही. ढिगाच्या मध्याला मोठ्या ढेपा आणि कडेला चुरा असतो, म्हणून दोन्हीकडे खड्डा हवा. कीट रस्त्याच्या भरावात, विहिरीच्या बांधकामात गेलेलं असतं, त्यामुळे मिळणारा आकडा ‘किमान एवढं’ असाच वाचावा.

हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने काम भागेल का?

क्ष-किरणांनी रासायनिक घटक मोजणारं हे यंत्र प्राथमिक निवडीला पुरेल, निष्कर्षाला नाही. हे यंत्र वरचा पातळ थर वाचतं, आणि किटाचा वरचा थर गंज, माती आणि चुनखडीने बदललेला असतो. सोडियम त्याला दिसत नाही, मॅग्नेशियम धड दिसत नाही, आणि सिलिकाचा आकडा ओलाव्याने व खडबडीतपणाने घसरतो. वर पाहिलेला सगळा हिशोब सिलिकेवर उभा आहे हे लक्षात घ्या. तुकडा कापून, ताजा सपाट छेद करून, तीन-चार ठिकाणी वाचन घ्या आणि रचना माहीत असलेला नमुना दर काही वाचनांनंतर तपासा. अंतिम पृथक्करणासाठी दळलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळेतलं एक्सआरएफ, अत्यल्प प्रमाणातल्या घटकांसाठी आयसीपी-एमएस हे यंत्र, आणि किटातलं फायलाइट, वुस्टाइट (आयर्न ऑक्साइडचा एक प्रकार), काच यांची मांडणी पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. कीट एकजीव नसतं. 20 ग्रॅमच्या तुकड्यावरून संपूर्ण भट्टीबद्दल बोलू नका. प्रत्येक प्रकारचे पाच-सहा तुकडे तरी घ्या.

लोखंडी वस्तू कापल्याशिवाय अभ्यास होत नाही का?

आधी क्ष-किरण चित्र घ्यावं. त्यात धातू कुठे शिल्लक आहे आणि कुठे नुसता गंज आहे ते दिसतं. पूर्ण गंजलेली वस्तू कापून नुकसानच होतं. धातू शिल्लक असेल तर काही मिलिमीटरचा पाचरीएवढा तुकडा, धारेपासून गाभ्याकडे जाईल असा, संथ करवतीने आणि पाण्याच्या धारेखाली कापतात. करवत कोरडी चालवली तर उष्णतेने आतली रचनाच बदलते आणि मग आपण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचं नव्हे, स्वतःच्या करवतीचं काम वाचतो.

तुकडा रेझिनमध्ये बसवून 240 पासून 1200 क्रमांकापर्यंतच्या पॉलिश कागदावर घासतात, दर टप्प्याला 90 अंशांत फिरवून, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. मग 6, 3 आणि 1 मायक्रॉनच्या हिऱ्याच्या लेपाने झिलई. शेवटी 98 मिली इथेनॉलमध्ये 2 मिली नायट्रिक आम्ल घालून केलेल्या द्रावणात काही सेकंद. आम्लाचं प्रमाण वाढवू नका आणि हे द्रावण झाकण घट्ट लावून साठवू नका. स्फोटाचा धोका असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पांढरे दाणे म्हणजे नरम लोखंड, पट्ट्यापट्ट्यांचा गडद भाग म्हणजे कार्बन असलेलं पोलाद, आणि सुयांसारखी जाळी म्हणजे तापवून पाणी दिल्याची खूण. माहूरझरी आणि नायकुंडच्या वस्तूंवर जँग-सिक पार्क आणि वसंत शिंदे यांनी असा अभ्यास केला आहे. भट्टीतल्या नरम लोखंडाला वापराच्या टोकाशी मुद्दाम पोलादी करण्याचं कसब त्यातून समोर आलं. कुऱ्हाड संपूर्ण कठीण पोलादाची असती तर घावाला तडकण्याची भीती होती. धार कठीण आणि अंग नरम ही निवड विचारपूर्वक केलेली आहे.

काळ कसा ठरवतात? आणि तारखांवर एवढे वाद का होतात?

मुख्य साधन म्हणजे कोळशाची कार्बन-14 तारीख. अडचणी दोन. पहिली लाकडाची: सागाच्या जुन्या खोडाच्या गाभ्याचा कोळसा घेतला तर तारीख झाड तोडल्याच्या शे-दोनशे वर्षं आधीची येते. म्हणून बारीक फांद्या, बिया, धान्य निवडावं. दुसरी अडचण विदर्भाच्या नेमकी मुळावर येते. इ.स.पू. 800 ते 400 या काळात कार्बन-14 ची दुरुस्तीरेषा, म्हणजे मोजमाप खऱ्या वर्षांत बदलणारा आलेख, जवळजवळ सपाट आहे. कितीही चांगला नमुना दिला तरी ‘इ.स.पू. 750 ते 400 मधलं काहीतरी’ असंच उत्तर येतं, आणि शिलावर्तुळं उभारणाऱ्या महापाषाणीय लोकांच्या वस्त्यांचा भरभराटीचा काळ त्यातच पडतो. उपाय म्हणजे एकावर एक असलेल्या थरांतले अनेक नमुने एकत्र बसवणं आणि भट्टीच्या भाजलेल्या मातीचं प्रकाशदीप्ती पद्धतीने, म्हणजे माती शेवटची कधी तापली हे तिच्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून, स्वतंत्र मापन करणं.

‘भारतात लोखंड पहिल्यांदा कुठे’ या वादातही हाच मुद्दा आहे. पुरातत्त्वज्ञ राकेश तिवारी यांनी 2003 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मल्हार, राजा नल का टीला, दादूपूर इथून इ.स.पू. 1800 ते 1000 च्या तारखा मांडल्या. तमिळनाडूने 2022 मध्ये मयिलाडुंपारैसाठी इ.स.पू. 2172 आणि 2025 मध्ये शिवगळैसाठी इ.स.पू. तिसऱ्या-चौथ्या सहस्रकातल्या तारखा जाहीर केल्या. यांतल्या तारखा प्रामुख्याने लोखंडासोबतच्या कोळशाच्या किंवा मातीच्या आहेत. तेव्हा प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच: हा नमुना आणि ते लोखंड एकाच वेळी तिथे गेले हे कशावरून?

खनिज कुठून आणलं हे कळतं का?

अमुक खाणीतून नाही असं खात्रीने सांगता येतं. अमुक खाणीतूनच, असं क्वचित. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं लोहारा किंवा सुरजागडचं हेमटाइट हे समृद्ध लोहखनिज आणि सह्याद्रीतला बसाल्टवरचा जांभा यांत फरक स्पष्ट आहे. बसाल्टपासून झालेल्या जांभ्यात टायटॅनियम जास्त असतं आणि ते लोखंडात न जाता किटात साठतं. म्हणून किटातलं टायटॅनियम हा आपल्याकडे पहिला धागा. जांभ्यापासूनही लोखंड काढलं जाई. महाबळेश्वर परिसरातल्या धावड समाजाचा तो पिढीजात व्यवसाय होता, आणि इंग्रजी अमलात जंगलाच्या कारणावरून तो बंद पडला. सह्याद्रीच्या पठारांवर कीट दिसलं तर ते प्राचीनच असेल असं धरून चालू नका.

भट्टीची प्रतिकृती करून पाहायची आहे. काय लागतं?

सुरुवातीला आतून 30 सेंमी व्यास, सुमारे 1 मीटर उंची आणि 15 ते 20 सेंमी जाडीची भिंत ठेवा. ही मापं यशाची शक्यता वाढवणारी आहेत, नायकुंडची नक्कल नव्हे. चिकणमातीत वाळू आणि बारीक तूस किंवा शेण हवं, नाहीतर भिंत वाळताना तडकते. भात्याची नळी तळापासून 15 ते 20 सेंमीवर, 20 अंश खाली झुकलेली, 3 ते 5 सेंमी आत आलेली. हवा भट्टीच्या छेदाच्या दर चौरस सेंमीला मिनिटाला 1.2 ते 1.5 लिटर, म्हणजे या मापाला मिनिटाला 850 ते 1060 लिटर.

खनिज लाकडाच्या जाळात भाजून 1 सेंमीपर्यंत फोडा आणि भुकटी चाळून काढा. भुकटीने हवेची वाट बंद होते. कोळसा 2 ते 4 सेंमीचा. भट्टी दोन-तीन तास लाकडावर तापवल्यावर कोळशाने भरा, मग 1 किलो कोळशाला 1 किलो खनिज, असा एक फेर दर 8 ते 12 मिनिटांनी.

बिघाड बहुतेक तीनच. नळीचं तोंड किटाने बंद होतं: सळई तयार ठेवा. फेर फार हळू उतरतो: हवा कमी आहे, अशाने फक्त कीट मिळेल. तिसरा बिघाड उलटा: कोळसा फार, खनिज कमी, तापमान चढतं, लोखंड कार्बन शोषून बीड होतं आणि घणाखाली भुगा होतो. काम उघड्यावरच करा. माथ्यावरची ज्योत विझली की लगेच पेटवा. विझलेल्या तोंडातून येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

आमच्या शेतात कीट किंवा लोखंडी वस्तू आहे. पुढे काय करू?

काही उकरू नका. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उत्खनन करणं 1958 च्या केंद्रीय आणि 1960 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंना 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. जागेचे अक्षांश-रेखांश, मोजपट्टीसह चार-पाच फोटो आणि कीट किती मीटर पसरलं आहे त्याचा कच्चा नकाशा तहसीलदार किंवा राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे द्या. जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही कळवलं तर उत्तम.

नांगराच्या फाळाला लागून वस्तू वर आलीच असेल तर धुऊ नका, तेल लावू नका, गंज खरवडू नका. मातीतला क्लोराइड आत साठलेला असतो आणि हवेतला ओलावा मिळाला की वस्तू आतून फुटू लागते. पृष्ठभागावर तांबूस घामासारखे थेंब दिसले तर ते सुरू झालं आहे. हवाबंद डब्यात वस्तूच्या वजनाइतकं तरी कोरडं सिलिका जेल ठेवा, आर्द्रता दाखवणारी पट्टी घाला आणि 15-20 टक्क्यांच्या वर गेली की जेल बदला. डब्यावर गट क्रमांक, किती खोलीवर आणि कुठल्या बाजूला मिळाली हे लिहा, कारण जागा हरवलेली कुऱ्हाड अभ्यासाला फारशी उपयोगी पडत नाही.